सड्यावरचा कौल

निवडणूक जवळ आली की वाहिन्यांवर एक प्रश्न हटकून विचारला जातो: रोजगार हवा की पर्यावरण? लोक रोजगार म्हणतात आणि पर्यावरण हा भरल्या पोटाचा विषय असल्याचा निष्कर्ष काढून चर्चा मिटते. यंदाच्या दिवाळी अंकातल्या परिसंवादासाठी आम्ही हाच विषय घेतला, कारण खरी गोम या प्रश्नातच आहे.

राजापूर तालुक्यातला सडा पाहा. मे महिन्यात काळाठिक्कर दिसणारा कातळ. त्यात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, दुसरीकडून आणलेली माती भरायची, हापूसची कलमे लावायची आणि ती धरेपर्यंत उन्हाळाभर पाणी घालायचे. मग काही वर्षांनी पेट्या वाशीच्या बाजाराला लागतात. या बागायतदाराला झाड हवे की रोजगार, असे विचारायचे तरी कसे? पण त्याच घरातला मुलगा बारावी झाला की मुंबईची गाडी पकडतो आणि गणपतीला, शिमग्याला तेवढा घरी येतो. अवकाळी पावसाने मोहोर गाळला तर वर्षाचे गणित कोसळते. म्हणून तालुक्यात येऊ घातलेल्या तेल रिफायनरीबद्दल एकाच घरात दोन मते निघू शकतात, आणि दोन्ही पोटाचीच असतात.

अशा घराने पक्ष तोलायचे कसे? याच तालुक्यातल्या नाणारचा रिफायनरी प्रकल्प तीन लाख कोटी रुपयांचा, वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा. २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली तेव्हा उद्योग खाते शिवसेनेकडे होते. पुढच्याच वर्षी नाणारला सभा घेऊन विरोध केला तोही शिवसेनेनेच. भाजप प्रकल्पाच्या बाजूने ठाम होता. २०१९ च्या लोकसभेआधी युती जुळली आणि नाणारची अधिसूचना मागे घ्यायचे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी नाणारऐवजी त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवली. सत्ता गेल्यावर, मे २०२३ मध्ये, ते बारसूच्या आंदोलकांना भेटायला गेले. नारायण राणे यांनी नाणारला विरोध केला होता. भाजपमध्ये गेल्यावर ते रिफायनरीचे समर्थक झाले आणि २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातून लोकसभेवर निवडून आले. हा रिफायनरीला मिळालेला होकार म्हणायचा का? त्या एका मतात सेनेतली फूट होती, राणे यांचे सिंधुदुर्गातले बळ होते, दिल्लीत कोण बसणार हेही होते.

गोव्याची कथा फार वेगळी नाही. २०१२ मध्ये बेकायदा खाणींवर रान उठवून भाजप सत्तेवर आला आणि त्याच सरकारने सप्टेंबरात खाणी थांबवल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले. २०२२ च्या निवडणुकीत खाणी पुन्हा सुरू करण्याचे आश्वासन प्रमुख पक्षांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या ओठांवर होते.

सह्याद्रीच्या बाबतीत तर पक्षांचे आश्चर्यकारक एकमत दिसते. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला आणि निर्णयात ग्रामसभांना वाटा हवा, असे सांगितले. ज्या केंद्र सरकारने समिती नेमली त्यानेच अहवाल बाजूला ठेवून कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमला. २०१४ मध्ये सरकार बदलले. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे मात्र निघतच राहिले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही गावे दरडींखाली गाडली गेली होती.

मतदाराला पर्यावरणाचे काही पडलेले नाही, हे आम्हाला म्हणूनच पटत नाही. एकच प्रश्न सुटा करून विचारला तर तो स्पष्ट उत्तर देतो. बारसूजवळच्या धोपेश्वरच्या ग्रामसभेत २०२२ मध्ये मतदान झाले आणि कौल रिफायनरीच्या विरोधात गेला. विधानसभा-लोकसभेला मात्र दहा प्रश्न एका बटणात कोंबलेले असतात. सरकारी योजनेतून खात्यात जमा झालेले दीड हजार रुपये दिसतात. दरड कोणत्या पावसाळ्यात कोसळेल ते दिसत नाही. त्यातून ज्याची भूमिका खुर्चीबरोबर बदलते त्याच्या जाहीरनाम्यावर विसंबून कोण मत देईल? मतदार मग हाताला लागेल ते पदरात पाडून घेतो. त्याला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब चुकलेला नाही. त्याच्यासमोर मांडलेले आकडेच अपुरे आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी दारात येणाऱ्या उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन कुणाची जाणार आणि कायम नोकरी कुणाला लागणार? ग्रामसभेचा ठराव तुमच्या मनाविरुद्ध गेला तर मानणार का? आणि उद्या तुम्ही सत्तेतून विरोधात, किंवा विरोधातून सत्तेत गेलात, तर हेच उत्तर राहील का? उत्तरे लेखी घ्यावीत, तारखेसह.

परिसंवादातल्या लेखकांचे आपसांत एकमत नाही, आमचेही सगळ्यांशी नाही. कथा, कविता आणि व्यंगचित्रांचा फराळ नेहमीप्रमाणे आहेच. अंक वाचून भांडायचे असेल तर अवश्य पत्र लिहा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!

– संपादक