चालण्याची किंमत

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला चढविते. रोगाची गती रोखणाऱ्या महागड्या औषधांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु रुग्णाचा रोजचा दिवस कसा जाईल हे ठरते ते साहाय्यक औषधांवर: आखडलेले स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन, लघवीवरील ताबा सांभाळणारी गोळी, चालण्यास बळ देणारे फॅम्प्रिडिन. यांपैकी शेवटच्याची कहाणी कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावी अशी आहे.

हे द्रव्य नवे नव्हे. अमेरिकेत ते पक्षी हुसकावण्याचे विष म्हणून विकले जात होते. तेच द्रव्य आवरण झिजलेल्या तंतूंतून संदेश पुढे नेण्यास साहाय्य करते, हे ध्यानी आल्यावर १९९० च्या सुमारास शिकागो व ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. पुढे अकोर्डा या कंपनीने त्याची हळूहळू विरघळणारी गोळी केली, मोठ्या चाचण्या घेतल्या (हे श्रेय तिला दिलेच पाहिजे) आणि २०१० साली परवानगी मिळताच महिन्याची किंमत हजार डॉलरांहून अधिक ठेवली. एका मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के रुग्णांच्या चालीचा वेग टिकून वाढला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. म्हणजे ते सर्वांना लागू पडत नाही. मात्रा वाढल्यास झटके येण्याचा धोकाही आहे. पण ज्याला लागू पडते, तो पुन्हा स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जातो.

मक्तेदारी २०१८ नंतरही लांबविण्यासाठी पुढे केलेली चार पेटंटे अमेरिकी न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविली. त्यांत नवे असे काही नव्हते. वरिष्ठ न्यायालयाने पुढल्या वर्षी तो निर्णय उचलून धरला. तोवर मात्र आठ वर्षे लोटली होती.

ब्रिटनचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथील शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये म्हटले की, हे औषध काही रुग्णांना गुणकारी आहे, परंतु छापील किमतीला परवडणारे नाही. सबब देऊ नये. जणू किंमत ही पावसासारखी आकाशातून पडते आणि तोलून पाहायची ती केवळ रुग्णाची पावले! वाटप सार्वजनिक आणि उत्पादन खाजगी, अशी विभागणी केली की सार्वजनिक व्यवस्थेलाच नकार देण्याचे काम करावे लागते.

भारतात अडचण निराळी आहे. ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाला, गुणकारिता वाढल्याखेरीज, पेटंट नाकारणारी तरतूद २००५ पासून आपल्या कायद्यात आहे आणि येथील कंपन्या फॅम्प्रिडिन बनवितातही. परंतु आयुष्मान भारत योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. ही औषधे तर घरी, वर्षानुवर्षे घ्यावयाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा नावानिशी समावेश आहे, आणि त्याचे २५ वे कलम उत्पन्नाच्या मर्यादेत घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत उपचाराचे वचन देते. त्या वचनाचा अर्थ जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर मिळणारी गोळी असा असला पाहिजे. १९५४ साली पिंपरीत उभारलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना विकण्याच्या गोष्टी करण्याऐवजी अशा जुन्या, पेटंटमुक्त औषधांचे उत्पादन त्याच्याकडे सोपवावे, ही मागणी पक्षाच्या जिल्हा शाखांनी आता लावून धरावी.