पडद्यावरचा कीबोर्ड हा उपकार नव्हे

प्रोग्रॅममधून पडद्यावरचा कीबोर्ड उघडणे हे अगदी किरकोळ काम असायला हवे. ‘कीबोर्ड दाखव’ ही एक आज्ञा, आणि ‘दाखवला’ किंवा ‘जमले नाही’ हे उत्तर. पण विंडोजच्या चार-पाच आवृत्त्यांवर चालेल असा प्रोग्रॅम लिहायला बसा, म्हणजे या किरकोळ कामाची गोष्ट किती लांबते ते कळेल.

एक्सपीच्या काळात ‘ओएसके’ नावाची फाईल चालवली की काम भागायचे. मग ६४ बिटी विंडोज आली. प्रोग्रॅम ३२ बिटी असेल, तर त्याने ‘सिस्टिम३२’ फोल्डर मागितला की विंडोज त्याला परस्पर दुसऱ्याच फोल्डरकडे वळवते आणि कीबोर्ड उघडत नाही. शिवाय त्या फाईलला आता विशेष अधिकार लागतात, म्हणून नेहमीच्या रीतीने चालवली तर ७४० क्रमांकाची त्रुटी हातात पडते. विंडोज ८ मध्ये बोटाने वापरायचा नवा कीबोर्ड आला. ‘टॅबटिप’ ही फाईल चालवली की तो वर यायचा. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटनंतर तेही थांबले. फाईल चालते, प्रोसेस दिसते, पडदा मात्र कोरा. मग लोकांनी विंडोजच्या पोटात शिरून कुठेही अधिकृतपणे न नोंदलेला एक इंटरफेस शोधून काढला. त्यात ‘दाखव’ नाही, फक्त ‘टॉगल’ आहे: उघडा असेल तर मिटेल, मिटलेला असेल तर उघडेल. म्हणजे आधी तो उघडा आहे का, हे आपणच चाचपडत ओळखायचे.

यावर ठरलेले उत्तर असे, की प्रोग्रॅमने यात पडूच नये. वापरणाऱ्याने मजकुराच्या चौकटीला बोट लावले की सिस्टिम आपणहून कीबोर्ड आणेल. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण समोर मजकुराची चौकट आहे, हे सिस्टिमला कुणीतरी सांगावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डब्ल्यूपीएफला ही सोय डॉट नेट ४.६.२ मध्ये मिळाली, तीही विंडोज १० वर. जे प्रोग्रॅम चौकट स्वतःच रंगवतात, त्यांचे काय? जुनी सॉफ्टवेअर, तिकिटांची यंत्रे, प्रयोगशाळेतली उपकरणे यांत असे प्रोग्रॅम भरपूर असतात. सगळे नव्याने लिहा म्हणणे सोपे आहे, कारण ते लिहिणारा दुसराच कुणी असतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. पडद्यावरचा कीबोर्ड इतर खिडक्यांमध्ये अक्षरे पाठवतो, त्यामुळे तो कुणाच्याही हाती मोकळा देता येणार नाही. पण त्यावर उपाय आहे. २०२१ मध्ये क्रोम ९४ ने वेबपानांना कीबोर्ड दाखवण्याची आज्ञा दिली, मात्र वापरणाऱ्याने आधी त्या पानाला हात लावलेला असला पाहिजे, ही अट घालून. अँड्रॉइडमध्ये ‘दाखव’ची नोंदलेली आज्ञा सुरुवातीच्या काळापासून आहे, आणि तिथली ‘टॉगल’ची आज्ञा अँड्रॉइड १२ मध्ये कालबाह्य ठरवली गेली. विंडोज १० मध्येही अखेर अधिकृत वाट आली. तिचे नाव ‘ट्रायशो’, म्हणजे ‘दाखवून बघ’. नावातच हात झटकलेले असले तरी ती नोंदलेली आहे आणि हो-नाही उत्तर देते. अशी वाट आधी बांधायची आणि मग जुनी बंद करायची, एवढेच तर मागणे होते.

हे सगळे इथे का सांगते आहे? कारण पडद्यावरचा कीबोर्ड ही चैन नाही. ज्याची बोटे खऱ्या कीबोर्डवर चालत नाहीत, त्याला तेवढा एकच कीबोर्ड असतो. आणि आपल्यासाठी त्याचा आणखी एक अर्थ आहे. परदेशात घेतलेल्या लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी नसते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ कुठे आणि ‘ज्ञ’ कसा काढायचा, हे इथल्या मराठी शाळेतल्या मुलाला किंवा मुलांकडे राहायला आलेल्या आजींना दिसते ते फक्त पडद्यावर. तो कीबोर्ड उघडला नाही, तर आजी रोमन लिपीत ‘kashi aahes’ ऐवजी लिहिणेच सोडतात, आणि मुलाच्या लेखी मराठी ही बोलायची भाषा उरते, लिहायची नाही.

आपल्यापैकी बरेच जण याच धंद्यात आहेत, म्हणून तुमच्याकडेच मागणे. कीबोर्ड उघडण्याची आडवाट सापडली म्हणून खूश होऊ नका. पुढच्या अपडेटला ती बुजेल आणि अडकेल तो तुमचा वापरणारा. अधिकृत आज्ञा वापरा, ती ‘नाही’ म्हणाली तर तसे पडद्यावर स्पष्ट सांगा आणि हाताने कीबोर्ड उघडायचे बटण ठेवा. आणि जे ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांच्या कचेऱ्यांत बसतात, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे: ही वाट आपण बंद करतो आहोत, तर तिच्यावरून रोज कोण जाते?