साडेबाराशे डॉलरची कुरकुर

१९ नोव्हेंबर १८६७ रोजी ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. प्रवाशांपैकी बऱ्याच जणांना ती पाच महिन्यांपूर्वी, जूनमध्येच लागली होती. पण हा श्लेष कळायला मराठी यावं लागतं. प्रवाशांत ऐन तिशीतला एक वार्ताहर होता. तो त्याच संध्याकाळी कागद पुढे ओढून बसला आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये त्याचं पत्र छापून आलं. जिची आनंदयात्रा म्हणून जाहिरात झाली ती अंत्ययात्रेच्या अधिक जवळ जाणारी होती, असा त्याचा एकूण सूर. पाच महिने एका ताटात जेवलेले सहप्रवासी साहजिकच संतापले. वार्ताहराचं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. वाचक त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखू लागले होते.

जाहिरात मोठी झोकदार होती. भाडं माणशी १,२५० डॉलर, शिवाय किनाऱ्यावरच्या खर्चासाठी दिवसाला पाच डॉलर सोन्याच्या नाण्यांत जवळ ठेवावेत, अशी सूचना. बोटीवर ग्रंथालय, वाद्यं, डॉक्टर, इतकंच काय पण छापखानासुद्धा. ऐऱ्यागैऱ्याला प्रवेश नाही. अर्ज करायचा, समितीने तो पसंत करायचा. प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि यादवी युद्धात नाव काढलेले जनरल शर्मन येणार, असाही गवगवा झाला. दोघेही आले नाहीत. उरले ते सत्तरच्या आतबाहेर प्रवासी, बहुतेक चाळिशी उलटलेले, रोज संध्याकाळी प्रार्थनेला न चुकता बसणारे. त्यानंतर वीस-तीस जण दिव्याखाली ओळीने रोजनिशी लिहायला बसत. पहिल्या आठवड्यातला हा उत्साह पुढे किती टिकला असेल, ते रोजनिशी लिहायला घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

करमणूक म्हणजे वरच्या डेकवर कंदिलांच्या उजेडात नाच. साथीला धाप लागलेला मेलोडियन आणि जोडीला सुराशी फटकून वागणारं क्लॅरिनेट. बोट उजवीकडे कलली की नाचणाऱ्यांची अख्खी फळी घसरत उजव्या कठड्याशी. डावीकडे कलली की सगळी वरात डावीकडे. हातात हात कुणाचा आहे हे पाहायलाही उसंत नाही. नाचाचा हा कार्यक्रम फार दिवस चालला नाही.

लांबच्या क्रूझला नाकं मुरडणाऱ्यांच्या हाती यातून आयतंच कोलीत मिळतं. त्यांचा पूर्वपक्ष आज अधिकच जोरात आहे, कारण बोटी अजस्र झाल्या आहेत. २०२४च्या जानेवारीत प्रवाशांना घेऊन निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची लांबी ३६५ मीटर, डेक वीस, आणि पूर्ण भरली तर प्रवासी ७,६००. हा प्रवासच नव्हे, असं टीकाकार म्हणतात. हे तरंगतं हॉटेल आहे. आतला माणूस हलत नाही, फक्त त्याच्या खिडकीबाहेरचं पाणी बदलतं. बंदरात सहा तास सोडतात, त्यातले दोन बसमध्ये जातात. आणि घरी आल्यावर जो तोंडभरून कौतुक करतो, तो खरं तर खर्च झालेल्या पैशाची समजूत घालत असतो.

या टीकेला अलीकडच्या काळात सर्वांत धारदार रूप दिलं ते अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी. मार्च १९९५मध्ये ते ‘झेनिथ’ या बोटीने कॅरिबियन समुद्रात फिरून आले आणि १९९६च्या जानेवारीत ‘हार्पर्स’ मासिकात त्यांचा लांबलचक लेख आला. अखंड लाड होत राहिले की माणूस तान्ह्या मुलासारखा आणखी हट्टी, आणखी अतृप्त होत जातो, हे त्यांचं निरीक्षण अचूक आहे. क्रूझच्या माहितीपत्रकांतली गुळगुळीत भाषा त्या लेखानंतर पूर्वीसारखी वाचताच येत नाही. पण ती फेरी सात रात्रींची होती. बेटाबेटाला टेकत जाणाऱ्या आठवड्याच्या फेरीवरून महासागराच्या प्रवासाचा निकाल लावणं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायचं आणि अख्खं कोकण पालथं घातल्याच्या गप्पा मारायच्या. वॉलेस यांना एवढं म्हणायचंही नव्हतं. त्यांच्या लेखाचे दाखले देणाऱ्यांनी मात्र हा निकाल सगळ्या समुद्रांवर लावून टाकला.

‘पैसे वसूल’चा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. ट्वेनच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण साडेबाराशे डॉलरमधला एकही त्याच्या खिशातून गेलेला नव्हता. भाडं सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वृत्तपत्राने भरलं होतं, वर प्रत्येक पत्राचे वीस डॉलर वेगळे. म्हणजे कौतुक करून स्वतःची समजूत घालण्याचं त्याला काही कारण नव्हतं, आणि उतरल्या उतरल्या त्याने कौतुक केलंही नाही. पण साधारण वर्षभराने, १८६९ साली निघालेल्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’ या पुस्तकाचा समारोप लिहायला बसल्यावर हाच माणूस म्हणतो की प्रवासातलं कडू ते विरत चाललंय, चांगलं तेवढं मनात राहिलंय, आणि बोट पुन्हा त्याच फेरीला निघाली तर आपण आनंदाने चढू.

इथे कुणी म्हणेल, पुस्तक विकायचं होतं ना! होतंच, आणि ते विकलंही गेलं तडाखेबंद. शिवाय मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. बोटीवर चार्ल्स लँग्डन नावाचा कोवळा सहप्रवासी होता. त्याची बहीण ऑलिव्हिया हिच्याशी प्रवास संपल्यावर ट्वेनची ओळख झाली, आणि १८७० साली लग्न. माणूस प्रेमात पडला की त्याला अंत्ययात्राही वरात वाटू शकते. हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट उरते: जुनं कडवट पत्र त्याने दडपलं नाही. ते जसंच्या तसं पुस्तकात, समारोपाच्या आदल्या प्रकरणात छापलं. मग पुढचं पान उलटून उलट साक्ष दिली. आठवणीवर साखर पेरणारा माणूस आदल्या पानावर कडुलिंब ठेवत नाही.

त्याच्या कुरकुरीचा नीट पंचनामा केला तर एक मजेशीर गोष्ट दिसते. तक्रारी सहप्रवाशांबद्दल आहेत आणि जमिनीबद्दल आहेत. समुद्राबद्दल जवळपास नाहीत.

सिरियातला घोड्यावरचा प्रवास पाहा. बोटीवरचे काही धार्मिक गृहस्थ रविवारी प्रवास करायला तयार नव्हते; तो शब्बाथचा भंग. म्हणून दमास्कसची तीन दिवसांची वाट दोन दिवसांत रेटायची ठरली. थकलेल्या घोड्यांचे हाल झाले ते झाले. देवाचा दिवस पाळण्यासाठी मुक्या जनावराला मारायचं, ही भक्ती ट्वेनच्या पचनी पडली नाही आणि तो राग पुस्तकात अजून गरम आहे. पुढे गॅलिलीच्या सरोवरावर तर कमाल झाली. ज्या पाण्यावर येशू चालला ते पाणी पाहायला अर्धं जग ओलांडून आलेली ही मंडळी नावाड्याने आठ डॉलर मागताच घासाघीस करू लागली. नावाडी नाव घेऊन निघून गेले, आणि हे काठावर एकमेकांना दोष देत उभे! जागोजाग स्मारकांचे टवके काढून खिशात घालणारेही यांच्यातलेच होते. एकाने तर स्फिंक्सच्या तोंडावर हातोडा चालवला.

आता बंदरात वेळ मिळत नाही, या आक्षेपाकडे वळायचं तर ‘क्वेकर सिटी’ला काही ठिकाणी तोही मिळाला नाही. पटकीच्या भीतीने भूमध्य समुद्रातली बंदरं विलगीकरणाचे नियम लावून बसली होती. पायरिअसला फर्मान आलं: अकरा दिवस बोटीतच थांबा, नाहीतर चालते व्हा. अथेन्स समोर, अक्रॉपोलिस नजरेच्या टप्प्यात, आणि उतरायला बंदी. कप्तानाने सामानसुमान भरून पुढे जायचं ठरवलं. त्या रात्री ट्वेन आणि आणखी तिघे गुपचूप होडीने किनाऱ्याला लागले. पोलिसांनी धरलं असतं तर तुरुंग. रस्ता टाळून, डोंगरउतारावरून, कुत्र्यांचं भुंकणं ऐकत ते निघाले. वाटेतल्या मळ्यांतली द्राक्षं चोरली, राखणदाराने हटकल्यावर चालण्याचा वेग वाढवला. वर पोचल्यावर पहारेकऱ्यांनी दार उघडलं, आणि चांदण्यात पार्थेनॉन समोर उभं राहिलं: जमिनीवर गवतात पडलेली संगमरवरी मुंडकी, पायथ्याला झोपलेलं शहर. उजाडायच्या आत चौघे बोटीवर परत. ज्या बंदरात अधिकृतपणे एक मिनिटही मिळालं नव्हतं, त्या बंदराने पुस्तकातलं एक अतिशय सुंदर प्रकरण दिलं.

याचा अर्थ बंदर चुकणं चांगलं, असा नाही. २०२४मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक विश्वप्रदक्षिणेच्या बोटींना मार्ग बदलावा लागला, ठरलेली बंदरं गळाली. त्यासाठी वर्षभर आधी पैसे भरलेल्या माणसाला ट्वेनची द्राक्षं सांगून उपयोग नाही. पण बंदरातल्या तासांची बेरीज करून लांबच्या प्रवासाचं मोल काढणाऱ्यांचं गणितच चुकतं, एवढं नक्की.

टीकाकारांचे दोन मुद्दे मात्र खोडून काढता येत नाहीत, आणि क्रूझवाले ते नेहमी हळूच बाजूला सारतात. एक, बंदरांचे हाल. १ ऑगस्ट २०२१पासून इटलीच्या सरकारने व्हेनिसच्या ज्युदेका कालव्यातून २५,००० टनांवरच्या बोटींना बंदी केली. ‘आयकॉन’चं टनेज याच्या जवळजवळ दहापट आहे. दुसरा मुद्दा मराठी आणि कोकणी घरांच्या जास्त जवळचा. बोटीवर काम करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात, आणि क्रूझवरच्या भटारखान्यांत, जेवणघरांत, केबिनच्या साफसफाईत गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सागरी कामगारांच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराने कामाला घातलेली कमाल मर्यादा आहे आठवड्याला ७२ तास! फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली तेव्हा बोटीवर ३,७११ जण होते, त्यातल्या ७१२ जणांना करोनाची लागण झाली. १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये कोंडलं होतं. त्यांच्या दाराशी ताटं पोचवणारे मात्र एकत्र राहत होते, एकत्र जेवत होते. त्या बोटीवरच्या प्रवाशाने आपला अनुभव ‘संमिश्र’ म्हटला, तर त्याच्या वेटरने काय म्हणावं? माहितीपत्रकातलं ‘निर्भेळ सुख’ खोटं आहे ते इथे. ते सुख कुणीतरी पहाटे चारला उठून मळत असतं.

मग मंडन कशाचं करायचं? ज्या दिवशी कुठलंच बंदर नसतं, त्या दिवसाचं.

‘क्वेकर सिटी’वर अमेरिकेच्या दूर पश्चिमेकडून पहिल्यांदाच समुद्रावर आलेला एक तरुण होता. त्याचं घड्याळ रोज बोटीच्या घड्याळामागे पडायचं. इलिनॉयमध्ये चांगलं म्हणून घेतलेलं घड्याळ बिघडलं कसं, याने तो हैराण झाला. घड्याळ ठणठणीत होतं. बोट पूर्वेकडे जात होती आणि बोटीवरची वेळ रोज वीसएक मिनिटांनी पुढे सरकत होती. या विनोदात लांबच्या जलप्रवासाचं मर्म आहे. विमान अंतर गिळून टाकतं. मुंबईत झोपलेला माणूस लंडनला जागा होतो, आणि मधली पृथ्वी कुठे गेली ते त्याला कळत नाही. बोटीवर पृथ्वीचा गोल मिनिटामिनिटाने हाताला लागतो.

पश्चिमेकडे जाणाऱ्या बोटीवर पंचवीस तासांचा दिवसही मिळतो. तो मिळालेला तास कशात घालवायचा, या प्रश्नाने पहिल्या आठवड्यात माणूस वेडा होतो. जेवणं होतात, डेकवर चकरा होतात, पत्त्यांचा डाव होतो, शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या सुनेची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकून होते, आणि अजून अकराच वाजलेले असतात. हा कंटाळा खरा आहे. आठवड्याच्या क्रूझवर तो यायच्या आत उतरायची वेळ होते. लांबच्या प्रवासात त्याच्या पलीकडे जावंच लागतं. डिसेंबर २०२३मध्ये मायामीहून २७४ रात्रींच्या जगप्रदक्षिणेला एक बोट निघाली तेव्हा फोनवर बसलेल्या लाखो लोकांनी तिच्यावरच्या भांडणांची चातकासारखी वाट पाहिली. वाट पाहणाऱ्यांची निराशाच झाली.

ट्वेनची शेवटची साक्ष मागे वळून दिलेली नाही, चालत्या बोटीवरची आहे. आणि ती आपल्या पाण्यातली आहे. १८९४मध्ये त्याचं दिवाळं निघालं. देणं फेडण्यासाठी साठीला आलेला हा माणूस व्याख्यानं देत जगभर फिरला, जानेवारी १८९६मध्ये मुंबईला उतरला, खोकत खोकत बोलला. मार्चअखेरीस कलकत्त्याहून बोट धरली. मद्रासला एक दिवस, सिलोनला दोन-तीन दिवस, आणि मग मॉरिशसपर्यंत नुसतं पाणी. ना टपाल, ना वर्तमानपत्र, ना तार. ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये त्या दिवसांविषयी लिहिताना तो म्हणतो की आपल्या हातात असतं तर ही बोट अशीच चालू ठेवली असती, जमिनीवर राहायला पुन्हा गेलोच नसतो. बोटीचं नाव होतं ‘वर्धा’. बरोबर मुलगी क्लारा होती, आणि बायको ऑलिव्हिया. ‘क्वेकर सिटी’वरच्या त्या लँग्डनची बहीण.