संपात उधारी कोण देणार?



एक सरळ सवाल आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार बंद झाला. एक महिना नव्हे, दोन महिने नव्हे, वर्ष उलटून गेले! त्या दिवसांत तुमची चूल पेटती कोणी ठेवली? सरकारने? गिरणीमालकांनी? छट्! गावाकडून तांदळाचं गाठोडं आलं आणि नाक्यावरच्या वाण्याने वही उघडली. ‘लिहून ठेवा शेट, संप मिटला की देतो,’ एवढ्या एका शब्दावर तेल, मीठ, चहापत्ती घरात आली. त्याच्या आधी १९७४ च्या संपात खानावळवाल्या बायांनी तुम्हाला उधार जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. म्हणून तर १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले!

संप गाजतो मोर्चाने, पण टिकतो वाण्याच्या वहीवर. ही गोष्ट आपण विसरलो असू, धनदांडगे विसरलेले नाहीत!

वाणी काही संत नव्हता. मापात मारायचा, उधारीच्या गिऱ्हाइकाला दोन पैसे चढे लावायचा. पण तो आपल्या आळीतला होता. त्याला शिव्या देता येत होत्या, त्याच्याशी घासाघीस करता येत होती. आजच्या मालकाला शिव्या द्यायच्या तर कुठल्या पत्त्यावर?

गिरण्या गेल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा कामगारांच्या आणि गरिबांच्या घरांसाठी लिहिला होता. २००१ साली सरकारने नियमाचा शब्द फिरवला. फक्त मोकळ्या जमिनीची वाटणी, बांधकामाखालची सारी मालकाची! २००६ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. गिरणगावचा माणूस अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला येऊन पडला. ज्या घाटकोपरात सामंत डॉक्टरांनी खाणकामगारांची दुखणी बघता बघता त्यांची युनियन बांधली, तिथे आज त्या गिरणीवाल्याचा पोरगा मॉलच्या दारात वॉचमन म्हणून उभा आहे आणि नातू पाठीला थैली लावून मोटारसायकलवर लोकांचा किराणा पोचवतो आहे.

आणि मालक कुठे आहे? अंधेरीच्या सीप्झकडे बघा. परदेशी माल धाडण्यासाठी १९७३ साली हा टापू उभा केला. आज तिथे हजारो कामगार अमेरिकेच्या बाजारासाठी दागिने घडवतात. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के जकात बसवली होती. सही वॉशिंग्टनला झाली, घोर लागला मरोळच्या कामगाराला! त्याचा यात काय गुन्हा? त्याला विचारले होते कोणी?

मोठमोठे शेटसुद्धा या वावटळीत टिकले नाहीत. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे आपल्या मुंबईच्या पार्लेचे पेय. १९९३ साली ते सारे कोका-कोलाच्या खिशात गेले. कोट्यधीश शेटची ही गत, तर बोरिवलीच्या गाळ्यातला वाणी कुठवर तग धरणार?

२०१२ साली दिल्ली सरकारने किराणा-कापडाच्या दुकानदारीत परकी कंपन्यांना ५१ टक्के भांडवलाची दारे उघडली. महाराष्ट्र सरकारने माना डोलावल्या! २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने १६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. एवढा पैसा धर्मादाय आला काय? याच बोरिवली भागातून २०२४ साली खासदार झालेले वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनीच त्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे शंका काढली की, ऑनलाइन कंपन्या परदेशातून पैसा आणतात तो तोटा भरून काढायला. मग हा भाव पाडून इतरांना मारण्याचा डाव नव्हे काय? मंत्रिमहोदय, वास तुम्हाला आला, मग नाक कशाला धरता? कायदा तुमच्या हातात आहे, तो चालवा!

कोणी म्हणेल, ‘स्वस्त मिळतंय तर घेऊ नको का? माझी कमाई ती केवढी!’ घ्या बाबांनो, गरिबाला दोष कोण देईल? पण आजची सूट ही उद्याच्या शिकारीसाठी लावलेलं आमिष आहे. वाणी उठला की भाव त्यांचा, माप त्यांचे. आणि ज्या दिवशी तुमचा पगार थांबेल, त्या दिवशी मोबाइलला सांगून बघा, ‘लिहून ठेव, संप मिटला की देतो!’

त्या थैलीवाल्या नातवाला कंपनी कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते! भागीदार म्हणे! नफ्यात नाही, फक्त अपघातात भागीदार! नव्या कामगार संहितेत त्याचे नाव आले, त्याच्या फंडासाठी कंपनीने उलाढालीचा १ ते २ टक्के द्यावा असे लिहिले. पण मालक-नोकर हे नाते मात्र नाकारले.

आणि ही संहिता कधी लागू झाली ठाऊक आहे? २१ नोव्हेंबर २०२५! १९५५ साली याच तारखेला फ्लोरा फाउंटनवर मुंबईसाठी निघालेल्या कामगारांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, १५ जण पडले. सत्तर वर्षांनी नेमक्या त्याच दिवशी कायदा आला की, कुठल्याही कारखान्यात नोटीस देऊन १४ दिवस थांबल्याशिवाय संप नाही, आणि समेटाची बोलणी चालू असली तर मुळीच नाही. मालकाला मात्र ३०० हून कमी कामगारांचा कारखाना सरकारला न विचारता कायमचा बंद करायची मुभा! जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० ची होती. एका हाताने संप बांधला, दुसऱ्या हाताने संप पोसणारी वही फाडली. दोन्हीकडून गळा एकच, तुमचा!

मग करायचे काय? कपाळावर हात मारून बसायचे? १९४८ साली नायगावच्या कामगारांनी वर्गणी काढून स्वतःचे ग्राहक भांडार उभे केले, तोच अपना बाजार! पुढे अंधेरी-मुलुंडपर्यंत त्याच्या शाखा निघाल्या. कामगाराला दुकान चालवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मॉलच्या जमान्यात तो मागे पडला म्हणून ती वाट खोटी ठरत नाही. सोसायटी-सोसायटीत, चाळी-चाळीत पुन्हा ग्राहक संघ काढा. तोट्यात माल विकून बाजार मारण्यावर बंदी मागा. थैलीवाल्या पोराला कामगार म्हणून हक्क मागा; ३१ डिसेंबर २०२५ ला ती पोरं संपावर उतरली होती, त्यांना एकटं सोडू नका.

आणि दुकानदार बंधूंनो, तुम्हालाही सांगणे आहे. आमची साथ हवी तर तुमच्या गाळ्यातल्या पोऱ्याला कायद्याचा पगार द्या, माप चोख ठेवा. आमच्या संपात वही उघडी ठेवा, तुमच्या बंदला आम्ही रस्त्यावर येऊ. ही सोयरीक नव्हे, रोकडा व्यवहार आहे!

मुंबई आम्ही १०६ हुतात्म्यांच्या रक्ताने मिळवली. ती मोबाइलवर दहा-वीस रुपयांच्या सवलतीत विकायची काय? उत्तर सभेत नको, आपापल्या नाक्यावर द्या!