काम ‘केलं’ की काम ‘झालं’?

मैत्रिणींनो, हा अनुभव तुम्हा सगळ्यांनाच असेल. कढई घासून पालथी घातलेली असते. आपण फोडणीसाठी उचलतो, तर कडेला कालच्या तेलाचा चिकटा तसाच! विचारलं की उत्तर तयार, “घासली की हो, वहिनी!” आणि ते खोटंही नसतं बरं का. घासलेली असतेच, पण स्वच्छ झालेली नसते. काम केलेलं असतं, काम झालेलं नसतं.

घरात आपण चडफडत कढई पुन्हा विसळतो आणि विसरून जातो. पण ज्यांनी घरीच एखादा उद्योग मांडला आहे, मसाले, पापड, भाजणी, शिवण असं काही करून बाजारात देतात, हाताखाली चार-पाच बायका आहेत, त्यांना हा फरक फार महागात पडतो. कधी पैशानं, कधी माणसानं. आज त्याविषयीच थोडं बोलू या.

आमच्या थोरल्या जाऊबाई सांगलीला असतात. त्यांचा चकलीचा उद्योग आहे. स्वतः धरून सहाजणी. एका दिवाळीत मी भाऊबीजेला माहेरी जाताना वाटेत त्यांच्याकडे उतरले, तर घरात सणाचं वातावरणच नाही. एका दुकानदारानं साठ पिशव्या परत पाठवल्या होत्या. चकल्या मऊ पडलेल्या, वातड. जाऊबाईंनी रागाच्या भरात तळणीच्या मावशींना सांगून टाकलं होतं, “उद्यापासून येऊ नका.” सहा वर्षांची बाई! पण साठ पिशव्यांचं नुकसानही काही थोडंथोडकं नव्हे.

मी विचारलं, “वहिनी, मावशींचं काम नेमकं काय होतं?”

“काय म्हणजे? चकल्या तळायच्या.”

“आणि पिशव्या कोण भरतं?”

“जिचा हात मोकळा असेल ती.”

तिथेच सगळं कळलं. त्या दिवशी टेम्पो तासभर आधी आला होता. घाई झाली, आणि शेवटच्या दोन-तीन घाण्यांच्या चकल्या गरम असतानाच पिशवीत गेल्या. गरम पदार्थ बंद पिशवीत कोंडला की त्याची वाफ आतच धरते, वाफेचं पाणी होतं आणि ते चकलीत मुरतं. तळण उत्तम असलं तरी चकली मऊ पडणारच. मावशींनी तळलं होतं, दुसरीनं भरलं होतं, तिसरीनं पिशवी बंद केली होती. प्रत्येकीनं आपलं काम केलं होतं. ‘चकली गिऱ्हाइकाच्या ताटात पडेपर्यंत कुरकुरीत राहावी’ हे मात्र कुणाचंच काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई स्वतः मावशींच्या घरी गेल्या. चूक कबूल केली. मावशी थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “गरम भरू नये हे मला ठाऊक होतं, वहिनी. पण टेम्पो थांबवायचा हक्क मला आहे, हे कुठं ठाऊक होतं?”

हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. आपण माणसाला काम सांगतो, त्यातून काय व्हायला हवं ते सांगत नाही. ते सांगितलंच, तर त्यासाठी लागणारा अधिकार देत नाही. आणि बिघडलं की जाब मात्र विचारतो.

मोठ्या कारखान्यांना ही अडचण नवी नाही. पीटर ड्रकर नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञांनी 1954 साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ हे पुस्तक लिहिलं. माणसाला हुकूम देत बसण्यापेक्षा त्याच्यासमोर उद्दिष्ट ठेवावं, आणि ते साधलं की नाही हे त्याचं त्याला मोजता यावं, असा विचार त्यात आहे. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर लिज्जत पापडाचं घ्या. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. पुढे त्याच संस्थेत हजारो भगिनी आल्या. त्यांची रीत अशी, की मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून वाळवून परत आणून द्यायचे. पापड तपासून घेतले जातात आणि मजुरी वजनावर मिळते. ती भगिनी किती वाजता लाटायला बसली, मध्ये उठून मुलाला जेवू घातलं का, हे कुणी विचारत नाही. पापड ठरल्यासारखा आहे ना, एवढंच पाहायचं.

तेव्हा तुमच्या उद्योगातही प्रत्येकीच्या नावाचं एक पान वहीत करा. त्यावर कामांची यादी नको. चार गोष्टी लिहा.

पहिली गोष्ट : या कामातून काय व्हायला हवं? ‘चकल्या तळणे’ असं लिहू नका. ‘चकली कुरकुरीत, आतपर्यंत शिजलेली, तेल न पिलेली’ असं लिहा.

दुसरी गोष्ट : ते झालं हे ओळखायचं कसं? ही खूण अशी हवी की तुम्ही समोर नसतानाही तिला स्वतःला पटावी. चकली मोडताना ‘कट्ट’ वाजली पाहिजे. कागदावर ठेवली तर तेलाचा मोठा डाग पडता कामा नये. रंग नमुन्यासारखा हवा. पिशवीचं वजन काट्यावर 250 ग्रॅम भरलं पाहिजे, आणि बंद केलेली पिशवी दाबली तर हवा निसटता कामा नये.

तिसरी गोष्ट : तिनं कुणाला न विचारता काय ठरवायचं? आच कमी-जास्त करणं, बिघडलेला घाणा बाजूला काढणं, गरम माल भरू न देणं. जाऊबाईंच्या वहीत मावशींच्या पानावर आता पहिलंच वाक्य आहे, ‘थंड झाल्याशिवाय माल हलणार नाही, टेम्पो दारात उभा असला तरी.’

चौथी गोष्ट : तिला तुमच्याकडून काय मिळायला हवं? ही बहुतेकजणी विसरतात. पीठ सैल भिजवून दिलं, मोहन जास्त पडलं आणि चकली तेलात विरघळली, तर दोष तळणारीचा कसा? तेल चार दिवसांचं दिलं आणि वास आला, तर तिनं काय करावं? भिजवलेलं पीठ सकाळी किती वाजता हाती येईल, तेल कधी बदलेल, सोऱ्याची चकती झिजली तर नवी कोण आणेल, हेही त्याच पानावर लिहा. मग पान दोघींचं होतं, एकटीचं राहत नाही.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी.

आकडे मनानं ठरवू नका. ‘रोज बारा किलो झालेच पाहिजेत’ असं म्हणण्यापूर्वी आठवडाभर नुसतं मोजा. किती तळून होतात, किती तुटतात, वीज गेली की किती खोळंबा होतो. मग तिच्याशी बोलून आकडा धरा. जिला ते काम रोज करायचं आहे, तिला त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

नुसता आकडा तर कधीच धरू नका. फक्त पिशव्या मोजल्यात तर पिशव्याच वाढतील. घाईत आच मोठी होईल, चकली वरून लाल आणि आत कच्ची राहील. म्हणून ‘किती’च्या शेजारी ‘कशी’ हवंच. आणि त्याच्याही आधी ‘हात न भाजता’ हवं. उकळत्या तेलाशी खेळ आहे हा. कढईजवळ गर्दी नाही, पदर खोचलेला, जमिनीवर तेल सांडलं की तिथल्या तिथे पुसलेलं, हासुद्धा कामाचाच भाग धरा.

मजुरी नगावर किंवा वजनावर देत असाल, तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये, हे कायद्याचं सांगणं आहे आणि माणुसकीचंही. वीज गेली, पीठ उशिरा आलं, तर तिचा दिवस बुडता उपयोगी नाही. जे तिच्या हातात नाही, त्याचा हिशेब तिच्याकडून घ्यायचा नाही.

एखादीला वाचता येत नसेल तर? काही अडत नाही. पान मोठ्यानं वाचून दाखवा, तिच्या तोंडून पुन्हा म्हणवून घ्या. जाऊबाईंनी एका काचेच्या बरणीत दोन चकल्या ठेवल्या आहेत, एक ‘अशी हवी’ आणि एक ‘अशी नको’. दर सोमवारी नव्या ठेवतात. त्या बरणीपुढे वाद होत नाहीत.

आणि पान एकदा लिहिलं की देवघरात ठेवून दिलं, असं करू नका. महिन्यातून एकदा चहा ठेवा, सगळ्या मिळून बसा. काय जमलं, काय अडलं विचारा. चार-पाच ओळींपेक्षा पान वाढू देऊ नका. दहा गोष्टी सांगितल्या की त्यांतली एकही नीट लक्षात राहत नाही.

तुम्ही म्हणाल, सहा बायकांच्या कामाला एवढं लिखापढीचं कशाला? आपण काय कारखाना चालवतोय? पण मला वाटतं, सहाजणींतच हे जास्त हवं. मोठ्या कारखान्यात एक माणूस गेला तर दुसरा येतो. आपल्याकडे एक मावशी गेल्या तर सहा वर्षांचा हात जातो. शिवाय त्या शेजारच्याच गल्लीत राहतात. रोज बाजारात भेटतात. विनाकारण लागलेला शब्द दोन्ही घरांना बोचत राहतो.

मावशी त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर परत कामाला आल्या. पुढच्या दिवाळीत टेम्पोवाला पुन्हा लवकर आला आणि दारात हॉर्न वाजवत राहिला. जाऊबाई आतून उठायच्या आत मावशी झारा घेऊन दारात उभ्या! म्हणाल्या, “अर्धा तास लागेल. चहा घेतोस का?”

त्यानं चहा घेतला. त्या खेपेला एकही पिशवी परत आली नाही.

तर मैत्रिणींनो, आज रात्री सगळं आवरलं की वही काढा आणि निदान एका पानानं सुरुवात करा. ‘काय करायचं’ हे खोडा, ‘काय व्हायला हवं’ ते लिहा. आणि उद्या सकाळी ते पान हाती देताना आधी विचारा, “यासाठी तुम्हाला माझ्याकडून काय हवं?”