कपाटाची चावी कोणाकडे?

15 ऑक्टोबर आला की आमच्या सेलूतल्या शाळांमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या फोटोला हार घातला जातो, कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडतं, पुस्तकांवरची धूळ झटकली जाते आणि मुलं ओळीत बसून हातात एकेक पुस्तक धरतात. मोबाईलवर फोटो निघतात, ते केंद्राच्या ग्रुपवर जातात. दुपारच्या सुट्टीआधी पुस्तकं मोजून परत घेतली जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. 2015 पासून आपल्या राज्यात हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. दिवस चांगला आहे, नाव त्याहून चांगलं आहे. पण प्रेरणा मिळालेल्या मुलानं 16 ऑक्टोबरला काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी स्वतः हे फोटो काढलेले आहेत. त्यामुळे हा लेख कुणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. दाखवायचंच असेल तर आधी माझ्याकडे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या शाळेत शिकवत होतो तिथं चौथीतली एक मुलगी दर आठवड्याला माझ्याकडून एक पुस्तक न्यायची. वडील जिनिंगवर हमाली करायचे, घर पत्र्याचं. एका पावसाळ्यात घर गळलं आणि पुस्तक भिजलं. तिनं ते चुलीजवळ वाळवून आणलं. पानं फुगलेली, कव्हर सुटलेलं. शाळेचा नियम होता की पुस्तक खराब झालं तर किंमत भरायची. 40 रुपयांचं पुस्तक होतं. वडिलांनी ते पैसे भरले. त्यानंतर मी तिला दुसरं पुस्तक दिलं तर तिनं हात मागे घेतले. म्हणाली, ‘‘सर, अब्बा बोले, अब किताब नक्को लाना.’’

नियम पाळला गेला, 40 रुपये जमा झाले, रजिस्टर स्वच्छ राहिलं. आणि एक वाचक गेली. तिची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला आजही समजलेलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो मुलांच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं व गोष्टींची पुस्तकंही असावीत. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ती वर्षाला 5 हजार रुपयांपर्यंत आहे. रक्कम मोठी नाही, पण लहान मुलांची पुस्तकं तीस-चाळीस-पन्नास रुपयांना मिळतात, हे लक्षात घेतलं तर अगदीच थोडीही नाही. म्हणजे बहुतेक ठिकाणी पुस्तकं आहेत. नाही ती कपाटाची चावी.

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकाच्या वापराबद्दल आहे. पुस्तक जपून ठेवण्याची वस्तू नाही, वापरण्याची वस्तू आहे, असा त्याचा अर्थ. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत असत. आपण त्यावर हसतो. पण साखळदंड आणि गोदरेजचं कुलूप यांत फरक तो किती? साखळीतलं पुस्तक निदान जागेवर बसून वाचता तरी येत होतं.

आता उपक्रमांबद्दल. अलीकडे शाळांमध्ये उपक्रमांची कमी नाही. वाचन कट्टा, पुस्तक दिंडी, ग्रंथप्रदर्शन, कथाकथन स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, महावाचन उत्सव. माझा उपक्रमांना विरोध नाही. माझी कसोटी एकच आहे : उपक्रम संपल्यावर मूल पुस्तकाकडे परत जातं का? पुस्तक दिंडीत पालखी सजते, लेझीम होते, सगळा गाव बघतो. पण पालखीतलं पुस्तक दिंडी संपल्यावर कुणाच्या दप्तरात गेलं नाही तर ती दिंडी झाली, वाचन झालं नाही. कथाकथन स्पर्धेत पाठ करून बोलणारी तीच तीन मुलं दरवर्षी बक्षीस घेतात आणि बाकीची पन्नास टाळ्या वाजवतात. ज्या मुलाला वाचताना अडखळायला होतं, त्याच्यासाठी त्या दिवशी ग्रंथालयात काय होतं? टाळी वाजवण्याचं काम.

याउलट काही साधे उपक्रम मी करून पाहिले. त्यात पैसे लागले नाहीत, मंडप लागला नाही.

पहिला उपक्रम, अर्धी गोष्ट. शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात मी गोष्ट मोठ्यानं वाचतो आणि ऐन रंगात आल्यावर थांबतो. पुस्तक टेबलावर ठेवतो. पुढं काय झालं ते ज्याला हवं त्यानं वाचावं. डॉ. झाकिर हुसेन यांची अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट मी एकदा अशीच अर्धवट सोडली होती. राष्ट्रपती झालेल्या माणसानं मुलांसाठी गोष्टी लिहिल्या होत्या, याचंच मुलांना आधी नवल वाटलं. बकरी डोंगरावर पळून गेली, रात्र झाली, लांडगा आला, आणि मी पुस्तक मिटलं. सोमवारी त्या एका पुस्तकासाठी अकरा मुलांनी नंबर लावला होता. लांडगा जिंकला की बकरी, यावर मधल्या सुट्टीत भांडणं झाली. मला यापेक्षा मोठा वाचन उत्सव माहीत नाही.

दुसरा उपक्रम, शब्दांचं घर. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीची भीती वाटते, हे मी वीसेक वर्षं बघतो आहे. घरात दखनी, पुस्तकात उर्दू, बाजारात मराठी. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. मराठी त्यांना भेटते ती फक्त परीक्षेच्या पेपरात, मार्क कापायला बसलेली. म्हणून मी ‘किशोर’चे अंक मुलांना वाटले. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. मुलांना सांगितलं, गोष्ट समजली नाही तरी चालेल, ओळखीचे शब्द शोधा. दप्तर, कागद, शाई, हजेरी, इमारत, अर्ज, रजा, तालुका, जिल्हा. फळा भरून गेला. एक पोरगा म्हणाला, ‘‘सर, ये तो सब हमारेच हैं!’’ मी म्हणालो, ‘‘आपलेही आणि त्यांचेही.’’ त्या दिवसापासून मराठी पुस्तक हातात घेताना त्याचा चेहरा पडत नाही. कितीही जादा तास घेतले असते तरी हे झालं नसतं.

तिसरा उपक्रम मला सगळ्यांत जवळचा आहे. आपला मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. शाळा आणि कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. त्यामुळे सेलूच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कित्येक मराठी घरांत आजही पत्र्याच्या पेटीत उर्दू कागद सापडतात. एकदा एका मराठी शेजाऱ्यांना मी विनंती केली. ते आजोबांचा शाळेचा जुना दाखला घेऊन आले. नाव मराठी, लिपी उर्दू, साल 1349. मुलं चक्रावली. तेराशे एकोणपन्नास? मग फसली सनाची गोष्ट निघाली. त्यात साधारण 590 मिळवा, मग कळेल. फळ्यावर बेरीज झाली : 1939. पाचवीतल्या मुलीनं आजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ते शेजारी गप्पच झाले. घरातला तो कागद त्यांना स्वतःला कधी वाचता आला नव्हता. एका दहा वर्षांच्या मुलीनं तो वाचून दाखवला. त्या तासाला इतिहास झाला, गणित झालं, भाषा झाली. आणि जे पुस्तकात लिहून शिकवता येत नाही, तेही थोडं झालं.

आता माझे शिक्षक बंधू-भगिनी म्हणतील, सर, वेळ कुठं आहे? बरोबर आहे. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नाही. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं हे सगळं आपल्याच डोक्यावर आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्याला ग्रंथालय चालव म्हणणं ही थट्टाच आहे. पद मिळावं ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण ते मिळेपर्यंत कपाट बंद ठेवायचं, हे मला पटत नाही. कारण चौथीतलं मूल चौथीत एकच वर्ष असतं.

शिवाय ग्रंथालय चालवायला मोठं माणूसच लागतं असं नाही. आमच्याकडे पाचवीची दोन मुलं दर महिन्याला ग्रंथपाल होतात. रजिस्टर तीच लिहितात, पुस्तक तीच देतात-घेतात. सुरुवातीला दोन-तीन पुस्तकं हरवली, हे मान्य करतो. पण मुलांच्या हिशेबात जी शिस्त येते ती माझ्या रागावण्यानं कधी आली नव्हती. आणि फाटलेल्या पुस्तकासाठी आता दंड नाही. डिंक, कात्री आणि खाकी कागद ठेवलेला एक डबा आहे. ज्याच्या हातून पुस्तक फाटलं त्यानं ते सगळ्यांसमोर नाही, कोपऱ्यात बसून चिकटवायचं. बस्स, एवढीच शिक्षा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पुस्तक हरवलं तर तपासणीत उत्तर कोण देणार? भीती मुख्याध्यापकांची आहे आणि ती खोटी नाही. यावर उपाय शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. कायद्यानं तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात. वर्षाच्या शेवटी किती पुस्तकं वापरून फाटली, किती हरवली, याची नोंद समितीच्या बैठकीत वाचून मंजूर करून घ्यावी. तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही माझी नम्र विनंती आहे. कपाटात पुस्तकं किती, हे विचारण्याआधी एखादं पुस्तक उघडून त्याची पानं बघा. कोरी करकरीत असतील तर कारण विचारा. मळकी असतील तर शाबासकी द्या.

पालकांनाही एक सांगायचं आहे. शाळेत गेल्यावर आपण मार्क विचारतो, गैरहजेरी विचारतो. यापुढे एवढंच विचारा : माझ्या लेकरानं या महिन्यात कोणतं पुस्तक घरी आणलं? चार पालकांनी हा प्रश्न सलग चार महिने विचारला तर कुठल्याही शाळेचं कपाट बंद राहू शकत नाही.

त्या भिजलेल्या पुस्तकाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. शाळेनं ते रद्द यादीत टाकलं होतं. ते मी मागून घेतलं. फुगलेल्या पानांचं ते पुस्तक आज माझ्या वर्गातल्या खुल्या फळीवर सगळ्यांत पुढं असतं. नवीन मुलं विचारतात, सर, ये ऐसा कायकू है? मी सांगतो, एका मुलीनं हे चुलीजवळ वाळवून परत आणलं होतं. ज्या हातांनी ते एवढं जपलं, त्या हातांतून आपण पुस्तक काढून घेतलं. ती आता मोठी झाली असेल. तिची मुलं कधी माझ्या वर्गात आली तर त्यांच्यासाठी तरी कपाटाला कुलूप नसावं, एवढीच इच्छा आहे.