बर्फ खालून खचतो

बर्फ वितळल्याची बातमी आली की आपण हवेतला पारा बघतो. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीचं खरं दुखणं मात्र पाण्याखाली असतं, आणि ते वाढवायला तिचंच वितळलेलं पाणी हातभार लावतं.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचा कॉन्ग्सफियॉर्ड घ्या. उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवरच्या या फियॉर्डच्या, म्हणजे चिंचोळ्या खाडीच्या, टोकाला क्रोनेब्रीन ही हिमनदी थेट समुद्राला भिडते. उन्हाळ्यात तिच्या पाठीवर वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी जातं आणि बर्फाच्या कड्याखालून फियॉर्डमध्ये शिरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते लगेच उसळी घेतं. कड्याला घासत वर येताना आजूबाजूचं खारं पाणीही ओढून आणतं. हे मिश्रण वरच्या थरातून बाहेर वाहू लागलं की त्याची जागा भरायला खालून समुद्राचं पाणी आत येतं. हे खालचं पाणी बहुतेक अटलांटिकचं असतं. जास्त खारं, म्हणून जड, आणि बर्फाच्या मानाने चांगलंच उबदार. सरबतातला बर्फ ढवळला की लवकर वितळतो. इथे हिमनदी स्वतःच ढवळते आहे.

कड्यापाशी हे डोळ्यांनी दिसतं. गाळाने तपकिरी झालेला पाण्याचा एक पट्टा, आणि त्यावर किटिवेक पक्ष्यांची झुंबड. उसळत्या पाण्याबरोबर खोलातले कोळंबीसारखे बारीक जीव वर येतात, गोड्या पाण्याच्या धक्क्याने बधिर होतात आणि पक्ष्यांना आयते सापडतात. मला हे दृश्य कुठल्याही आलेखापेक्षा बोलकं वाटतं.

स्वालबार्डच्या तीन हिमनद्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रोनेब्रीन त्यातलीच एक. कडा झिजण्याचा वेग हवेपेक्षा खोल पाण्याच्या तापमानाशी जास्त जुळला. झीज सर्वाधिक झाली ती शरदात, हवा गारठल्यावर, कारण खोलातलं पाणी तेव्हाच सर्वांत उबदार असतं. ग्रीनलँडच्या याकोब्सहान हिमनदीनेही हेच दाखवलं. १९९७ मध्ये तिच्या फियॉर्डमध्ये उबदार पाणी शिरलं आणि पुढच्या काही वर्षांत तिची तरंगती जीभ तुटून गेली. २०१६ पासून तेच पाणी थंडावलं, तेव्हा हिमनदी मंदावली. म्हणजे समुद्र पुन्हा तापला की ती पुन्हा धावणार.

म्हणूनच गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. २०१४ मध्ये भारतीय संस्थांनी नॉर्वेच्या मदतीने कॉन्ग्सफियॉर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही उपकरणांची माळ सोडली. ऐन ध्रुवीय रात्रीत, बोट नेणं अवघड असतं अशा वेळी, ती वेगवेगळ्या खोलीवर तापमान आणि क्षारता टिपत राहते. अशा कामाचे मथळे होत नाहीत, त्यामुळे निधीची ओढाताण झाली की आधी त्यालाच कात्री लागेल, ही माझी धास्ती आहे. मधली दोन वर्षं निसटली तर ती नंतर कितीही पैसे ओतून परत मिळत नाहीत.

आपला संबंध दूरचा नाही. ग्रीनलँडचा बर्फ घटला की त्याची गुरुत्वाकर्षणाची ओढ घटते. जवळच्या समुद्राची पातळी उलट उतरते आणि वाढीचा मोठा वाटा दूरच्या किनाऱ्यांकडे येतो. मुंबई आणि रत्नागिरी त्यातच मोडतात. त्यामुळे ‘इंडआर्क’सारख्या नोंदींसाठी किमान दहा वर्षांची तरतूद एकदम बांधून द्यावी, आणि ही आकडेवारी कोकणातल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही सहज हाताळता येईल अशी खुली ठेवावी.